तेराव्या वर्षी जगाच्या माथ्यावर

एक शेतमजुराची मुलगी, दुसरा सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. तिचे वय तेरा वर्षे अकरा महिने, त्याचे सोळा. २५ मे २०१४ च्या पहाटे ही दोन मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मालावत पूर्णा ही निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची आदिवासी मुलगी. साधनापल्ली आनंदकुमार हा खम्मम जिल्ह्यातील दलित कुटुंबातला. एव्हरेस्ट चढणारी सर्वांत लहान मुलगी म्हणून पूर्णाचे नाव जगभर झाले. पण त्या विक्रमापेक्षा ही मुले तिथवर पोहोचली कशी, हे वाचकांना सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

दोघेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. म्हणजे आपल्याकडे वसतिगृहात राहून शिकतात तशीच ही मुले. या शाळांचे तेव्हाचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार हे पोलीस अधिकारी होते, स्वतः दलित समाजातून आलेले. गरिबांच्या मुलांनी फक्त पास व्हावे एवढ्यावर ते समाधानी नव्हते. भोंगीरच्या प्रचंड कातळावर प्रशिक्षक शेखरबाबू यांनी मुलांना दोर धरायला शिकवले. जी टिकली त्यांना दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत पाठवले, त्यातून निवडलेल्यांना ऐन हिवाळ्यात लडाखला. शेवटी उरली ती दोघे.

नेपाळ सोळा वर्षांखालील मुलांना परवानगी देत नाही, म्हणून चढाई तिबेटच्या बाजूने झाली. या बाजूला सुमारे ५,२०० मीटरवरील तळापर्यंत गाडी जाते. खरी परीक्षा त्यापुढे. ६,४०० मीटरवर पुढचा तळ, मग बर्फाची उभी भिंत चढून ७,००० मीटरवरची खिंड, आणि शेवटचा तंबू ८,३०० मीटरवर. तिथून रात्री निघायचे. वाटेत उभ्या कड्याला शिडी लावलेली आहे. माथ्यावर हवेतला प्राणवायू आपल्या गावातल्यापेक्षा एक तृतीयांशच असतो. म्हणून एकदम वर जाता येत नाही. थोडे चढायचे, पुन्हा खाली यायचे, अंगाला सवय लावायची. ही मोहीम ५२ दिवस चालली. दोर, तंबू, प्राणवायूच्या नळकांड्या यांचे ओझे वाहणारे शेर्पा नसते तर तुकडी वर गेलीच नसती.

मोहीम सुरू असतानाच, १८ एप्रिल २०१४ रोजी, नेपाळच्या बाजूला हिमकडा कोसळून १६ जण ठार झाले. सगळे दुसऱ्यांच्या मोहिमांसाठी राबणारे नेपाळी कामगार. मुलांना विचारण्यात आले, परत येता का? दोघांनी नकार दिला. पुढे वाटेवर जुन्या गिर्यारोहकांची प्रेतेही त्यांना दिसली. माथ्यावर त्यांनी तिरंग्यासोबत बाबासाहेबांची आणि दलित-आदिवासींसाठी झटलेले अधिकारी एस. आर. शंकरन यांची प्रतिमा नेली होती.

इतक्या लहान मुलांना असल्या धोक्यात पाठवावे का, असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, आम्हीही तो टाळत नाही. नुसत्या हौसेपायी किंवा नाव व्हावे म्हणून कोणी मुलांना पाठवत असेल तर आमचा विरोधच राहील. पण इथे आधी तयारी होती, पायरी-पायरीने निवड होती, आणि मागे फिरण्याची मुभा होती. श्रीमंतांची मुले असे धाडस करतात तेव्हा कौतुक होते. गरिबाच्या पोरांनी केले की काळजी आठवते, हेही ध्यानात ठेवावे.

पूर्णा तिथेच थांबली नाही. २०२२ साली तिने उत्तर अमेरिकेतील डेनाली चढून सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पुरी केली.

प्रत्येक घरातून एव्हरेस्टवीर निघावा असे आम्ही म्हणत नाही. पण उद्या आपली मुलगी शाळेच्या गिर्यारोहण शिबिराची चिठ्ठी घेऊन आली, तर आई-वडिलांनी लगेच ‘मुलीची जात, नको’ म्हणू नये. चार गोष्टी मात्र जरूर विचाराव्यात: शिकवणार कोण, साहित्य कसले, सोबत कोण, आणि नको वाटले तर परत येता येईल ना? उत्तरे पटली तर सही करावी.