भिलाईच्या रुळावरची अक्षरं

फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागे उभं राहून समोरच्या रुळाकडे नीट पाहा. माथा आणि पाया यांच्यामधल्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं दिसतील: 60 किलो, 880, सेल, रोमन आकड्यांत महिना, मग वर्ष आणि एक बाण. एका मीटरचं वजन 60 किलो; ताण सोसण्याची ताकद किमान 880 मेगापास्कल; बाण लाटण्याची दिशा सांगतो. ‘सेल’ म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया; ते नाव असेल, तर तो रूळ बहुधा भिलाईचा.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. त्या वेळी हे गाव ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. कारखाना उभारणाऱ्या मजुरांच्या वस्त्या बसल्या. तिथल्या कॅम्प-1 या वस्तीचं नाव आजही त्या दिवसांची खूण सांगतं. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि 1960 मध्ये रेल मिल. आता इथल्या नव्या मिलमधून 130 मीटरचा अखंड रूळ निघतो. असे दोन जोडून 260 मीटरची लांबी रेल्वेला दिली जाते.

उठावाची अक्षरं रोलवरच उलटी कोरलेली असतात. लालबुंद पोलाद त्याखालून गेलं की ती आपोआप उमटतात, त्यामुळे त्या लाटणीच्या सगळ्या रुळांवर ती सारखीच असतात. खरी ओळख मात्र खोलगट आकड्यांत असते. रूळ गरम असतानाच यंत्र त्याच्या अंगात हीट नंबर दाबतं. हीट म्हणजे एका वेळी वितळवून तयार केलेलं पोलाद. 100 टनांची हीट धरली, तरी तिच्यातून 60 किलोचा दीड किलोमीटरहून जास्त रूळ निघतो.

हा नंबर इतका महत्त्वाचा, कारण पोलादाचे काही दोष एकट्यादुकट्या रुळाचे नसतात, अख्ख्या हीटचे असतात. द्रव पोलादात हायड्रोजन जास्त राहिला, तर थंड होताना आत बारीक चिरा पडतात. वरून काहीच कळत नाही. 25 ऑगस्ट 1911 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टरजवळ अशाच आतल्या चिरेने रूळ तुटला आणि 29 माणसं गेली. आज अल्ट्रासोनिक तपासणीत एका जागी चीर सापडली, तर हीट नंबरावरून त्या रुळाची भावंडं कुठे टाकली आहेत ते शोधता येतं. नंबर वाचता आला नाही, तर हा माग तिथेच तुटतो.

पण खूणही घाव करू शकते. थंड रुळाच्या अंगावर छिन्नीने आकडा ठोकला, तर तिथूनच तडा सुरू होण्याची भीती. म्हणून ठसा गरमपणीच घ्यायचा. चिप बनवणाऱ्यांची अडचणही नेमकी हीच आहे. सिलिकॉनच्या चकतीवर काठाजवळ लेसरने ओळखक्रमांक लिहितात. लेसर खोल मारला, तर अक्षर ठळक येतं; पण उडालेले कण पुढच्या थरांत जाऊन बसतात. म्हणून जिथे स्वच्छता कडक हवी, तिथे काही मायक्रॉन खोलीचे ठिपके नुसते वितळवून उमटवतात. एका बाजूला टनावारी पोलाद, दुसऱ्या बाजूला मिलिमीटरहून पातळ चकती. खूण वाचता यावी आणि तिने इजा करू नये, ही अट दोघांनाही सारखीच.

आता लेसर रुळाच्या शेजारीही पोचला आहे. रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा, लायनर, पॅड यांच्यावर लेसरने क्यूआर कोड उमटवण्याचं काम रेल्वेने 2025 मध्ये हाती घेतलं. या वस्तू वर्षाला कोट्यवधी लागतात, आणि मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. मात्र कोड नवा आला म्हणून जुना ठसा दुर्लक्षित होऊ नये. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत रूळ गंजतात, त्यांना रंगाचे जाड थर बसतात आणि हीट नंबर बुजतो. मार्गाची देखभाल करणाऱ्यांना एवढीच विनंती: रंग लावण्यापूर्वी तो नंबर वाचून नोंदवहीत लिहून ठेवा.