खाचरातला पॉवर टिलर आणि तासाचा हिशेब

पेणच्या खारेपाटात पावसाने जोर धरला की काही दिवस जमीन पाणी पीत राहते आणि मग तिच्यात पाय पोटरीपर्यंत जायला लागतो. अशा जागी मोठा ट्रॅक्टर घातला तर तो आपल्याच वजनाने बसतो. त्याला ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो आणि त्या ओढाताणीत बांध फुटतो तो वेगळाच. याच चिखलात ४०० किलोंच्या आसपास वजनाचा, १२-१३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर लोखंडी चाकं लावून दिवसभर चालतो. वाशी, वढाव, दादर, काळेश्री या पेणच्या पट्ट्यात आणि खाली कुंडलिकेच्या काठाने रोह्यापर्यंत लावणीच्या दिवसांत सगळीकडे एकाच आवाजाची साथ असते: एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मध्येच दबणारं, पुन्हा उसळणारं.

या यंत्रामागे चालणाऱ्या माणसाकडे फारसं कोणी बघत नाही. टिलरचं काम ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात होतं असं धरलं, तर एक एकर एकदा फिरवायला साधारण पावणेसात किलोमीटर चालावं लागतं. चिखलणीला दोन-तीन हात द्यावे लागतात. म्हणजे एका एकराला पंधरा-वीस किलोमीटर, तेही चिखलातून, थरथरणारं हँडल दोन्ही हातांनी धरून, डोक्यावर पाऊस घेत. शिवाय आमची खाचरं लहान. दहा-वीस पावलं गेलं की बांध येतो. हँडल उचला, वळवा, पुन्हा बसवा. सपाट मुलखातल्या टिलरवाल्यापेक्षा इथल्या माणसाला वळणं कितीतरी जास्त घ्यावी लागतात, आणि बहुतेक धोके या वळणांवरच असतात.

यंत्राचा वंश पाहिला तर तो चिखलाला नवखा नाही. जमीन नांगराने ओढून फाडण्याऐवजी फिरत्या पात्यांनी कापावी ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२च्या सुमारास आजमावली. त्याची पहिली पाती माती बाजूला उडवत. पातं काटकोनात वाकवल्यावर ती जागच्या जागी भुसभुशीत होऊ लागली. पुढे जपानने ही कल्पना भातशेतीत उतरवली. ओकायामा प्रांतातल्या कोजिमा उपसागराकाठी समुद्र मागे हटवून तयार केलेल्या जमिनीत, दुसऱ्या महायुद्धाआधीच, हातात धरून चालवायचे टिलर फिरू लागले होते. समुद्राला बांध घालून मिळवलेली भातजमीन म्हणजे आपली खारजमीनच. पेणच्या खारेपाटाशी या यंत्राचं इतकं जमलं यात मला नवल वाटत नाही. भारतात बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने हे काम हाती घेतलं आणि १९७३मध्ये केरळ सरकारची कामको कुबोटाचं तंत्र घेऊन उभी राहिली. कोकणातल्या खाचरांत आजही ही नावं ओळखीची आहेत.

पेण-रोह्यात टिलर रुजण्याचं कारण मात्र माणसांच्या टंचाईत आहे. लावणीच्या ऐन दिवसांतच पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई असते. डोलवीचा पोलाद कारखाना आणि रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत वर्षभर माणसं ओढून घेतात. वीस-पंचवीस दिवसांच्या कामासाठी बैलजोडी किंवा रेडे वर्षभर पोसणं परवडेनासं झालं. जमीन मात्र लोकांना सोडायची नव्हती. सप्टेंबर २००८मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही यावर जे मतदान झालं, त्या वेळी पेणच्या शेतकऱ्याने जमिनीशी असलेली आपली गाठ साऱ्या देशाला दाखवली. जमीन राखायची आणि कसायला माणूस नाही, या पेचातून टिलरने वाट काढली. खारेपाटात अजून रहू पद्धतीने, म्हणजे मोड आणलेलं बी थेट चिखलात फेकून, भात करतात. तिथे चिखलणी नीट झाली नाही तर रोपाला आधारच मिळत नाही. वेळेवर मिळालेला टिलर तिथे पिकाचं नशीब ठरवतो.

आता यंत्राच्या स्वभावाकडे येऊ. इंजिन पुढे, चाकं मधे, रोटरी मागे, आणि रोटरीच्या लगेच मागे माणूस. पाती आणि चालवणाऱ्याची पावलं यांत अंतर असतं हातभर, आणि मधे पत्र्याचं एक झाकण. पुढे जाताना पाती माणसापासून दूर जातात, म्हणून भीती वाटत नाही. टिलर मागे घेतला की तीच पाती पायांवर चालून येतात. म्हणून रोटरी फिरत असताना रिव्हर्स टाकायचा नाही, हा या यंत्राचा पहिला नियम. अनेक मॉडेलांत तशी अडवणूक कारखान्यातूनच दिलेली असते. ती झिजली किंवा वळणावर नडते म्हणून कोणी काढून टाकली असेल, तर असा टिलर खाचरात उतरवू नये. मागे बांध किंवा झाड असताना टिलर मागे घेणं तर दुप्पट घातक. मधे सापडलेल्या माणसाला हलायला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट उताराची, आणि ती नवख्याला हमखास फसवते. हँडलच्या दोन्ही मुठींखाली वळवण्याचे क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं चाक ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर नेमकं उलटं होतं. डावा क्लच दाबला की मोकळं झालेलं डावं चाक उताराने जास्त वेगाने धावतं आणि टिलर उजवीकडे जातो. मुख्य रस्त्यावरून खाचरात उतरताना, खाडीच्या बंधाऱ्यावरून खाली येताना हे भान नसेल तर माणूस घाबरून तोच क्लच आणखी दाबतो. उतारावर गती कमी, गिअर खालचा, आणि दिशा हँडल ढकलून सांभाळायची, क्लचने नाही.

बांध ओलांडताना रोटरी बंद हवी आणि टिलर बांधाला सरळ काटकोनात हवा. चालू पाती कडक बांधात किंवा धोंड्यावर आदळली की ती जमीन कापण्याऐवजी चाकासारखी वागतात आणि सगळं यंत्र पुढे झेप घेतं. उंच बांध असेल तर तो थोडा उतरता करून घ्यावा, किंवा दोन जाड फळ्या टाकाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे.

हँडल मारून इंजिन सुरू करतानाही एक रीत आहे: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीला वेढा घालायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर मोकळा अंगठा सुटतो, वेढलेला मोडतो. डीकॉम्प्रेशनची कळ उचलून आधी वेग घ्यायचा, मग सोडायची. तेलपाणी बघणं, गिअर न्यूट्रलला आहे की नाही ते बघणं, हे सगळं त्याआधी. ज्यांनी जुन्या जाणत्या माणसाच्या हाताखाली टिलर शिकला त्यांना हे सांगावं लागत नाही. जे आदल्या दिवशी हँडल धरून दुसऱ्या दिवशी भाड्याने फिरायला लागतात, त्यांना कोणी सांगतच नाही.

यंत्र सुरू करण्याइतकंच ते वेळीच थांबणंही महत्त्वाचं, आणि त्यासाठी मला एक बर्फगाडी आठवते. कॅनडातल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये या कारागिराचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे दवाखान्यात पोचू शकला नाही आणि दगावला. बोंबार्दियेने बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या पट्ट्याचं पेटंट १९३७मध्ये मिळवलं आणि १९५९मध्ये त्याच्या कंपनीची एका-दोघांना बसता येईल अशी हलकी स्की-डू बाजारात आली. मऊ जमिनीवर वजन पसरून चालायचं, हे तत्त्व आपल्या लोखंडी चाकांतही आहे. पण आजच्या बर्फगाड्यांवरची एक छोटी वस्तू मला आपल्या टिलरवर हवी आहे. चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते आणि तिचं टोक इंजिनच्या बटनात. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. युरोपात हाताने चालवायच्या टिलरांच्या मानकांतही, मूठ सुटली की पाती थांबलीच पाहिजेत अशी अट आहे. आपल्या खाचरांत फिरणाऱ्या बहुतेक टिलरांचा मुख्य क्लच मात्र एकदा लावला की लागलेलाच राहतो. माणूस घसरून पडला तरी टिलर चालत राहतो, आणि चिखलात माणसं घसरतातच. पुढे वाकून आवण लावणाऱ्या बायका असतील तर? म्हणून लावणीची रांग आणि टिलर एका खाचरात एकाच वेळी नसावेत, हे मी फार आग्रहाने सांगतो. पाऊस अडवायला अंगावर घेतलेला प्लास्टिकचा कागद, कमरेच्या टॉवेलचं सुटलेलं टोक, हेही रोटरीपाशी नको.

निगेच्या बाबतीत पेण आणि रोह्याची तऱ्हा वेगळी आहे. पेणच्या खारजमिनीत मीठ आहे. तिथे चिखलणी करून आलेला टिलर धुतल्याशिवाय ठेवला तर नटबोल्ट, पात्यांच्या बैठका, केबलींची टोकं गंजू लागतात. धुवायचं तेही गोड्या पाण्याने. जवळच्या खाडीच्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ पुन्हा लावणं. धुऊन झाल्यावर केबलींना तेल, उघड्या दांड्यांना ग्रीस. तिथला टिलर पावसात महिनाभर राबतो आणि मग बराच काळ गोठ्यात पडून राहतो, म्हणून त्याचा खरा शत्रू ते पडून राहणं आहे. पाऊस सरल्यावर पट्टे सैल करावेत, चाकं फळीवर उचलून ठेवावीत, डिझेल टाकीत अर्धवट ठेवू नये, कारण रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी धरतं आणि पुढच्या जूनमध्ये ते पंपात शिरतं.

रोह्यात टिलरला अशी उसंत मिळत नाही. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं, कोलाडजवळ डोलवहाळ बंधाऱ्याला अडतं आणि कालव्यांनी शेतात जातं. त्यावर उन्हाळी भात होतो, म्हणजे थंडीत पुन्हा चिखलणी. गंज कमी, झीज जास्त. तिथे लक्ष पट्ट्यांवर, एअर फिल्टरमधल्या तेलावर आणि सगळ्यात जास्त रोटरीच्या ऑइल सीलवर ठेवावं लागतं. पेंढा, लव्हाळं, प्लास्टिक, कधी जुन्या जाळ्याचा धागा रोटरीच्या दांड्याला गुंडाळत जातो आणि सीलमध्ये शिरतो. सील गेलं की चिखलाचं पाणी आत. गिअर ऑइलचा बोल्ट सैल करून बघावा. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी काम थांबवावं. एका सीलची किंमत किरकोळ, आतल्या बेअरिंगा आणि साखळी गेल्यावरचा खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकतो. आणि हा गुंता काढताना इंजिन बंदच हवं. क्लच सोडून, इंजिन चालू ठेवून हात घालणाऱ्यांची बोटं गेली आहेत.

हे सगळं टिलरवाल्यांना माहीत नाही का? बऱ्याच जणांना आहे. मग ते घडत का नाही, याचं उत्तर मला भाड्याच्या रीतीत दिसतं. इथे थोड्यांचे स्वतःचे टिलर आहेत. बाकीचे तासावर आणतात. तासाचा काटा चालू असताना शेतकऱ्याला इंजिन बंद झालेलं बघवत नाही. रोटरी साफ करायला थांबलेली पाच मिनिटं त्याला आपल्या खिशातून गेल्यासारखी वाटतात. गुंठ्यावर ठरवलं तर घाई टिलरवाल्याला होते, कारण पुढचा शेतकरी बांधावर वाट बघत उभा असतो आणि पाऊस उघडेल की काय याची धास्ती सगळ्यांनाच. दोन्ही हिशेबांत फळ्या टाकणं, गुंता काढणं, संध्याकाळी धुणं यांना जागा नाही. टिलर मालकाचा, हात ड्रायव्हरचा, जमीन तिसऱ्याची. निगा कोणाचीच नाही. अनुदानाचीही तीच गोष्ट. २०१४-१५पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून टिलर घ्यायला मदत मिळते, महाडीबीटीवर अर्ज होतो, यंत्र दारात येतं. यंत्र घ्यायला जेवढा जोर लागला, त्याच्या अंशाने तरी ते चालवायला शिकवण्यावर लागायला हवा. रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२पासून आहे. मे महिन्यात, कामं सुरू व्हायच्या आधी, प्रत्यक्ष खाचरात पाणी साचवून टिलर चालवायचे वर्ग भरवायला याहून योग्य जागा नाहीत. तिथे मालकाइतकाच भाड्याने टिलर चालवणारा तरुण पोरगा आला पाहिजे, कारण हँडल त्याच्या हातात असतं.

गावात मात्र आजच करता येण्यासारखं काही आहे. भाडं ठरवतानाच दिवसाचा शेवटचा अर्धा तास धुण्या-पुसण्याचा आणि तेलपाण्याचा म्हणून धरावा, आणि तो शेवटच्या शेतकऱ्याने एकट्याने न देता त्या दिवशी टिलर वापरलेल्या सगळ्यांनी वाटून द्यावा. मधे गुंता काढायला इंजिन बंद झालं तर तो वेळ कापू नये. ड्रायव्हरच्या पायाला जखम असेल तर त्याला त्या दिवशी चिखलात उतरवू नये. लेप्टोस्पायरोसिसची भीती कोकणात खरी आहे, आणि चिखलणीनंतर ताप आला तर त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण चिखलात काम केल्याचं आधी सांगावं. रात्री ट्रॉली जोडून महामार्गाने परत जायचं असेल तर मागे लाल परावर्तक पट्टी हवीच. नागोठणे-कोलाड रस्त्यावर पावसाच्या अंधारात ट्रकवाल्याला टिलरची ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पट्टीला खर्च नगण्य येतो, आणि ती भाड्याने टिलर आणणाऱ्यानेही मागून घ्यावी.