एका संगणकाला दोन दारं कशाला?

दोस्तांनो, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण फटाक्यांच्या कारखान्याची रचना कशी असते, ते माहीत आहे का? तिथे सगळं काम एकाच मोठ्या इमारतीत चालत नाही. लहान लहान शेड असतात आणि दोन शेडमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. एकेका शेडमध्ये माणसं मोजकी आणि शोभेची दारूही मोजकीच ठेवायची असते. मध्ये किती अंतर ठेवायचं, हे २००८ च्या विस्फोटक नियमांत लिहून ठेवलेलं आहे. कारण उघड आहे. एका शेडमध्ये ठिणगी पडलीच, तर ती दुसऱ्या शेडपर्यंत पोचता कामा नये!

हाच शहाणपणा आज आपण संगणकाला लावून पाहू या.

संगणकाच्या मागच्या बाजूला बघा. टेलिफोनच्या खाचेसारखी, पण तिच्याहून रुंद अशी एक खाच दिसेल. आत आठ बारीक तारा असतात. हा झाला नेटवर्क पोर्ट, म्हणजे संगणकाचं बाहेरच्या जगात जायचं दार. घरगुती मदरबोर्डवर बहुधा असं एकच दार असतं. काही मदरबोर्डवर मात्र दोन असतात. मग एकाला दोन दारं कशाला?

"दोन पोर्ट म्हणजे इंटरनेट दुप्पट वेगानं!" असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. समजा, टाकीतून घरात येणारी नळी अर्ध्या इंचाची आहे. घरात एकाऐवजी दोन नळ बसवले, तर पाणी वाढेल का? नाही ना? तसंच हे. तुमचं इंटरनेट १०० मेगाबिटचं असेल आणि पोर्ट एक गिगाबिटचा, म्हणजे १००० मेगाबिटचा असेल, तर एकच पोर्ट नऊशे मेगाबिट रिकामा पडून आहे. दुसरा काय करणार?

मग त्याचा खरा उपयोग कोणता? तीन सांगतो.

पहिला उपयोग सोपा आहे. एका पोर्टला इंटरनेट लावायचं आणि दुसऱ्या पोर्टमधून सरळ दुसऱ्या संगणकाला केबल जोडायची. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. लग्नाचं मोठं चित्रीकरण एका संगणकातून दुसऱ्यात न्यायला पेनड्राइव्हची गरजच उरत नाही.

दुसरा उपयोग म्हणजे दोन इंटरनेट जोडण्या. एक बंद पडली की संगणक दुसरीवरून काम चालू ठेवतो. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख असेल, तेव्हा याची किंमत कळते!

तिसरा उपयोग सगळ्यांत मोलाचा, आणि तोच तेरखेड्याच्या शेडसारखा आहे. समजा, शाळेत दोन नेटवर्क आहेत. एक कार्यालयाचं, ज्यात तुमचे गुण, पत्ते, आधार क्रमांक आहेत. दुसरं संगणक कक्षाचं, जिथे रोज वीस जण वीस पेनड्राइव्ह खुपसतात. सरांच्या संगणकाचा एक पोर्ट कार्यालयाकडे, दुसरा कक्षाकडे. सरांचा दोन्हीकडे संपर्क आहे. पण कक्षातला संगणक कार्यालयातल्या संगणकापर्यंत थेट पोचू शकत नाही. मध्ये मोकळी जागा आहे!

अशी जागा नसली की काय होतं, ते २०१७ च्या जून महिन्यात जगानं पाहिलं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला. मर्स्क या जहाज कंपनीच्या एका संगणकातून तो दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा जगभर पसरला. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरात या समूहाचं एक टर्मिनल आहे. तिथलं संगणकावरचं कामही ठप्प झालं! युक्रेन कुठे आणि उरण कुठे! कंपनीला सुमारे ४५,००० संगणकांवर सगळं नव्यानं बसवावं लागलं.

यातली एक गंमत ऐका. साऱ्या नेटवर्कची ओळखवही सांभाळणारे कंपनीचे मुख्य संगणक जगभर पुसले गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक. का माहीत आहे? तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता! लोडशेडिंगनं कंपनी वाचवली म्हणा ना. पण दर वेळी वीज जाईल या भरवशावर बसायचं नसतं. अंतर आधीच ठेवायचं असतं.

आता दोन सूचना, बरं का! विंडोजमध्ये दोन पोर्ट एकत्र जोडणारा 'ब्रिज' नावाचा पर्याय असतो. तो निवडला की मधली भिंतच पडते. आणि दोन दारांमध्ये बसलेला संगणक हा राखणदार. तोच आजारी पडला तर दोन्ही घरं धोक्यात! म्हणून त्यावर फायरवॉल चालू हवी आणि अपडेट वेळच्या वेळी हवेत.

आई-बाबांसाठी एक शब्द. केवळ दुसऱ्या पोर्टसाठी नवा, महागडा मदरबोर्ड घ्यायची गरज नाही. जुन्या संगणकात वेगळं नेटवर्क कार्ड बसतं, किंवा यूएसबीला लावायचा अडॉप्टर मिळतो. काम तेच होतं.

आणि मुलांनो, रविवारी एक कागद घ्या. घरातला मोबाइल, टीव्ही, संगणक, राउटर, जे जे एकमेकांना जोडलेलं असेल ते काढा आणि मध्ये रेघा मारा. मग बोट ठेवून स्वतःलाच विचारा, "इथे ठिणगी पडली, तर ती कुठवर जाईल?" जिथे बोट अडणारच नाही, तिथे एक भिंत हवी आहे, असं समजा!