बिटाच्या कालविभागणीचे गणित

मोटारगाडीतील एंजिन, ब्रेक इत्यादींचे नियंत्रक दोन तारांच्या एकाच मार्गावरून संदेशांची देवघेव करतात. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या ‘कॅन’ पद्धतीत घड्याळासाठी वेगळी तार नाही. प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या घड्याळावर चालतो. तेव्हा आलेला बिट नेमका केव्हा वाचावा, हा मूलभूत प्रश्न होय.

त्यासाठी बिटाचा काळ समान कालांशांत विभागतात. पहिला कालांश जुळणीचा; त्यानंतर प्रसारणखंड, पूर्वखंड व उत्तरखंड येतात. पूर्वखंड संपताच बिट वाचला जातो. या क्षणास नमुनाबिंदू म्हणू.

उदाहरणार्थ, घड्याळ ८ मेगाहर्ट्झचे व वेग सेकंदास ५ लक्ष बिट असा घेऊ. बिटाचा काळ २ मायक्रोसेकंद, कालांश १२५ नॅनोसेकंद. म्हणजे एकूण १६ कालांश. ते १, ६, ७ व २ असे वाटले, तर नमुनाबिंदू १४ व्या कालांशाच्या अखेरीस, म्हणजे ८७.५ टक्क्यांवर पडतो.

लिनक्स प्रणालीतील ड्रायव्हर या वेगासाठी हाच बिंदू इष्ट मानतो. घड्याळाचे निरनिराळे भाजक घेऊन तो प्रथम वेगातील व मग नमुनाबिंदूतील चूक कमीत कमी करतो. घड्याळ २० मेगाहर्ट्झचे असल्यास भाजक २ घेऊन २० कालांश मिळतात, पण ८७.५ टक्के साधत नाहीत. भाजक ५ घेतल्यास ८ कालांश मिळून सातव्याच्या अखेरीस ते तंतोतंत साधतात.

परंतु या गणितास तारेची लांबी ठाऊक नसते. एकाच वेळी बोलू लागलेल्या नियंत्रकांतील अग्रक्रम ठरण्यासाठी संकेताचे जाणेयेणे त्याच बिटात व्हावे लागते. दर मीटरला ५ नॅनोसेकंद धरल्यास ४० मीटर तारेवर जाण्यायेण्यास ४०० नॅनोसेकंद लागतात. मंडलांचा विलंब २५० धरला, तर एकूण ६५० होतात; वरील ६ कालांशांच्या ७५० मध्ये ते बसतात. तार ८० मीटर होताच बसत नाहीत.

घड्याळाच्या अचूकतेचेही तसेच. दोन जुळण्यांमध्ये १० बिट, म्हणजे १६० कालांश जाऊ शकतात. एका जुळणीत एकच कालांश सावरता येत असेल आणि दोन घड्याळे परस्परविरुद्ध चुकत असतील, तर प्रत्येकाची चूक सुमारे ०.३१ टक्क्यांच्या आत हवी. क्वार्ट्झ स्फटिकास हे सहज साधते. साध्या सिरॅमिक अनुनादकाबाबत खात्री करून घ्यावी लागते.

सारांश, ड्रायव्हरने दिलेले आकडे बिनचूक असले, तरी ते केवळ घड्याळापुरते बिनचूक असतात. तार मोजण्याचे काम अभियंत्याचेच राहते.