दोन हंगामांमधील शरद

शरद ऋतूचें नांव निघालें कीं आपणां शहरवासीयांस कोजागरीचें आटीव दूध आठवतें. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेस, गर्भगिरीच्या डोंगरांलगतच्या पाथर्डी तालुक्यांत ऊसतोडीस जाणाऱ्या घरांना मात्र शरद म्हणजे हक्काची सुटी. आणि तिची लांबी ऊस ठरवितो.

त्याचें कारण असें. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. मृगाच्या सुमारास पेरलेली बाजरी भाद्रपद-आश्विनांत खळ्यावर येते आणि जिरायती रानांत पुढें फारसें काम उरत नाहीं. उसाचें गणित निराळें. उबदार, ओलसर हवेंत तो नुसता वाढतो. थंड, कोरड्या हवेंत वाढ मंदावून त्यांत साखर सांचते. म्हणून कारखान्यांचीं धुराडीं बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पेटतात आणि मार्च-एप्रिलांत विझतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप १९५० सालीं सुरू झालें. पुढें कारखाने वाढले तशी डोंगराकडून पाटपाण्याच्या मुलखाकडे जाणारी ही वाट रुळत गेली.

बाजरी घरांत आली आहे, मुकादमाची गाडी अजून आलेली नाहीं, एवढ्याच आठवड्यांत काय तें हिंडणें. लेकी माहेरीं येतात. नवरात्रांत मोहटादेवीच्या डोंगराकडे अनवाणी जाणाऱ्यांची रीघ लागते. ओढ्याचें पाणी निवळलेलें, बांधावरचें गवत अजून हिरवें, तुरीला फुलोरा येऊं लागलेला. मला विचाराल तर आगगाडीच्या पहिल्या वर्गांतही असा प्रवास घडायचा नाहीं! मढीची कानिफनाथांची यात्रा याच तालुक्यांतली, पण ती फाल्गुनांत भरते आणि तेव्हां कित्येक टोळ्या उसाच्या फडांतच असतात. आषाढी वारी कारखाने बंद असतांना येते, म्हणून तिचे बेत आतांपासूनच ओट्यावर बोलले जातात.

परंतु हा आनंद निर्वेध नाहीं. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. त्या कोयत्यावर घेतलेली उचल बहुधा पावसाळ्यांतच बियाण्यावर, लग्नावर, दवाखान्यावर खर्चून गेलेली असते. ती हंगामभर ऊस तोडून फेडावयाची. मी शिक्षक होतों. दिवाळीनंतर शाळा उघडली कीं हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. साखरशाळा निघाल्या, कांहीं मुलें आजीपाशीं राहूं लागलीं, तरी ती रांग पुरती पुसली नाहीं.

एका वर्षीं कोजागरीच्या सुमारास वर्गांतल्या एका मुलीस मीं विचारलें, "सुटींत कोठें गेली होतीस?"

"मोहट्याला, गुरुजी. पाळण्यात बसले. दोनदा!"

त्याच आठवड्यांत तिची जागा रिकामी झाली.