डोंगराच्या सहलीचें सामान

येत्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी कळसूबाईचें शिखर चढून जाणार आहेत. हें शिखर अकोले तालुक्यांत असून त्याची उंची सुमारें १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट आहे. महाराष्ट्रांत याहून उंच स्थळ नाहीं. सहलीची वार्ता वर्गांत सांगतांच मुलांच्या तोंडीं बूट, पिशव्या आणि विजेऱ्या यांखेरीज दुसरा विषय उरला नाहीं. म्हणून या खरेदीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. त्यास आणखी एक कारण आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका सहलीसाठीं आम्हीं सामानाची लांबलचक यादी मुलांच्या हातीं दिली. दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें पोटदुखीचें निमित्त सांगून आपलें नांव मागें घेतलें. त्याचें पोट दुखत नव्हतें, हें आम्हांस पुढें कळलें. त्याच्या वडिलांनीं ती यादी घेऊन दुकानांत भाव विचारले होते. यादी आमचीच होती, आणि तिच्यांतील निम्म्या वस्तू अनावश्यक होत्या.

खरोखर पैसा खर्चावयाचा तो पायांवर. बारी गांवाकडून वर जातांना खडकावर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. पावसाळ्यांत त्या व भोंवतालचा खडक निसरडा होतो. अशा ठिकाणीं बुटाचा तळ हाच आधार. या तळाचा इतिहास शोकजनक आहे. १९३५ सालीं व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या मंडळींपैकीं सहा जण पुंता रासिका या शिखरावर वादळांत सांपडून मृत्यु पावले. खिळे मारलेले जड बूट खालीं ठेवून खडकावर हलके जोडे घालून चढण्याची तेव्हां चाल होती, आणि असले जोडे बर्फांत निरुपयोगी ठरत. त्यावरून ब्रामानीनें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला व १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १९५४ सालीं के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मंडळींच्या बुटांस असेच तळ होते. आज दुकानांत बूट उलटा करून पाहिला असतां ज्या खांचा दिसतात, त्यांचें मूळ हें आहे. ज्याचा तळ गुळगुळीत, तो बूट कितीही सुबक असला तरी घेऊं नये. उलट, कवायतीच्या जुन्या बुटाच्या खांचा शाबूत असतील तर नवा घेण्याचें कारणच नाहीं.

बूट संध्याकाळीं घ्यावा, कारण दिवसभराच्या हिंडण्याफिरण्यानें पाऊल किंचित् सुजतें. जाड मोजे घालूनच तो पायांत घालून पाहावा. उतरतांना बोटें पुढें आपटतात, म्हणून अंगठ्यापुढें बोटभर जागा असावी, पण टाच हलतां कामा नये. पालकांस विशेष विनंती ही कीं, बूट आज घेऊं नये. या वयांत मुलांचें पाऊल भराभर वाढतें. एप्रिलांत नीट बसलेला बूट सप्टेंबरांत बसेलच असें नाहीं. तो ऑगस्टच्या अखेरीस घ्यावा, व पुढें रोज तासभर घालून चालावें. कोरा बूट घालून डोंगरावर गेलेल्या एका मुलाच्या टाचा फोडांनीं इतक्या भरल्या कीं, शेवटचा उतार त्यास आमच्या चपला घालून उतरावा लागला, व आम्हांस अनवाणी.

कपड्यांविषयीं एकच गोष्ट सांगावयाची. सुती कापड भिजलें कीं पाणी धरून ठेवतें, आणि पाणी शरीरांतील उष्णता हवेच्या सुमारें २५ पट वेगानें ओढून नेतें. माथ्यावरील वाऱ्यांत ओल्या सदऱ्यानें हुडहुडी भरते. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते; आमच्याकडील धनगर पावसांत घोंगडी कां पांघरतात, हें यावरून ध्यानांत येईल. घरांतील जुना लोकरीचा स्वेटर, प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून नेलेला, पुरे होतो. साधा रेनकोट घामही आंत कोंडतो ही तक्रार खरी आहे. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांनीं अतिसूक्ष्म छिद्रांचें एक पटल शोधून काढलें. त्यांतून घामाची वाफ बाहेर जाते, पण पावसाचा थेंब आंत येत नाहीं. अशा पटलाचे अंगरखे उत्तम खरे, परंतु एका दिवसाच्या सहलीसाठीं इतकी किंमत मोजणें आम्हांस उधळेपणाचें वाटतें.

पिशवी शाळेच्या दप्तराचीच चालेल. दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें असें सरकारच्या २०२० सालच्या धोरणांत म्हटलें आहे. डोंगरावरही तोच नियम पाळावा. पाणी दोन लिटर घेतलें कीं दोन किलो वजन तेथेंच झालें, हें विसरूं नये. कपाळास बांधावयाची विजेरी शिडीवर दोन्ही हात मोकळे ठेवते, पण ती चौघांत एक पुरे.

धाकट्या भावंडांस अद्याप मोठे व थोरल्यांस लहान झालेले बूट, स्वेटर व रेनकोट पुष्कळ घरीं पडून असतात. ते १५ ऑगस्टपूर्वीं आमच्याकडे आणून द्यावे. ज्यास जें लागेल त्यानें शाळा सुटल्यावर येऊन घालून पाहावें व न्यावें. कोणीं दिलें व कोणीं नेलें, याची नोंद ठेवली जाणार नाहीं.