सभासद संकेतस्थळाची प्लगइन्स : बिघाड कसा शोधावा व नवी सोय कशी जोडावी



पूर्वी शेती विभागाकडे चौकशी यायची ती लागणीच्या नोंदीची, बेण्याची, खताची आणि तोडणीच्या पाळीची. अलीकडे त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. "गटाचे पान उघडत नाही," "फोटो चढत नाही," "मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात," अशा तक्रारी घेऊन सभासद औंधच्या गटकचेरीत येतात. काही जण आपल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला बरोबर आणतात. ही मुले हुशार आहेत, त्यांना काम समजावून दिले तर ती करू शकतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी लिहीत आहोत. आम्ही शेतकी पदविकाधारक, संगणकतज्ज्ञ नव्हे. जे शिकलो ते चुका करूनच शिकलो.

आमची चूक

पहिली चूक प्रथमच सांगून टाकतो. २०२३-२४ चा गळीत हंगाम ऐन भरात होता. सभासदांच्या संकेतस्थळावर गटवार पाने आहेत व प्रत्येक गटाच्या पानावर 'तोडणी पाळी' हा भाग आहे. लागणीच्या तारखेप्रमाणे कोणाचा ऊस केव्हा तुटणार हे तेथे सर्वांना दिसते. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी सूचना दिसली आणि आम्ही कसलाही विचार न करता बटण दाबले. सकाळी पाहतो तो 'तोडणी पाळी' हा भाग गायब!

दहा वाजायच्या आत गटकचेरीत पंधरा-वीस माणसे जमली. एक वडीलधारे सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते सरळ म्हणाले, "सायेब, यादी गेली का घालवली? कुणाचा ऊस मधी घुसवायचाय?"

या प्रश्नाने आम्ही वरमलो. यादीत काडीचाही फरक झाला नव्हता, कार्यालयातील नोंदवही जशीच्या तशी होती. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर विश्वास कोण ठेवील? पाळीवरून गावागावांत भांडणे झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा प्लगइन बिघडणे ही केवळ यंत्राची बाब राहत नाही, हे त्या दिवशी कळले. यादी कागदावर काढून कचेरीच्या दारावर लावली आणि मग बिघाड शोधायला बसलो. शोधायला दोन दिवस लागले. पद्धत माहीत असती तर दोन तासांचे काम होते.

प्लगइन म्हणजे काय?

ट्रॅक्टर एकच असतो. त्याला मागे नांगर जोडला की नांगरट होते, रोटाव्हेटर जोडला की ढेकळे फुटतात, ट्रॉली जोडली की ऊस वाहता येतो. आपल्या संकेतस्थळाचा ट्रॅक्टर म्हणजे 'वर्डप्रेस'. ही प्रणाली २००३ साली निघाली. ती मोफत आहे आणि आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. तिला 'बडीप्रेस' हे प्लगइन जोडले की सभासदांची खाती, गट, आपापसांतील निरोप अशा सोयी मिळतात. बडीप्रेसची पहिली पूर्ण आवृत्ती २००९ साली आली. त्यावर पुन्हा लहान-मोठी प्लगइन्स जोडता येतात. फोटो चढवण्यासाठीचे 'आरटीमीडिया' हे प्लगइन पुण्याच्या 'आरटीकॅम्प' या कंपनीने तयार केलेले आहे. म्हणजे हे काम परदेशातच होते असे नाही, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली मुलेही ते करतात.

कोणी विचारील, व्हॉट्सॲपचा गट असताना हा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपच्या एका गटाला सभासदसंख्येची मर्यादा आहे, २०२२ पासून ती १०२४ झाली. तेथे जुनी माहिती शोधणे कठीण. शिवाय दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार मालक म्हणेल तेव्हा उचलावा लागतो. एके काळी घरोघरी माहीत असलेले 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले व तेथले गट आणि गप्पा त्याबरोबर थांबल्या. औंध संस्थानात १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी नवी राज्यघटना देऊन गावाचा कारभार गावपंचायतीकडे सोपवला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. कारभार आपल्या हाती आला की त्याची निगाही आपल्याच माथी येते. स्वतःच्या सर्व्हरवरील संकेतस्थळाचेही तसेच आहे.

बिघाड शोधण्याचा क्रम

ठिबकच्या संचात पाणी कोठे गळते हे शोधताना आपण सगळे रान उकरत नाही. एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहतो. येथेही तीच रीत.

१. प्रथम बॅकअप. संकेतस्थळाच्या फायली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत काढावी. एकाचीच प्रत म्हणजे सातबारा आहे पण आठ-अ नाही, अशी गत. प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी.

२. बिघाड सर्वांना आहे की एकालाच? एकाच मोबाईलवर दिसत असेल तर बहुधा तेथे साठलेले जुने पान दिसत असते. ते पुसून पुन्हा पाहावे. खात्यात शिरल्यावर काय दिसते व न शिरता काय दिसते, हेही पाहावे.

३. शेवटचा बदल कोणता झाला? याकरिता एक साधी वही घालावी. तारीख, कोणते प्लगइन, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, कोणी बदलले, एवढे पाच रकाने पुरेत. आमच्याकडे ही वही नव्हती. दोन दिवस लागले त्याचे निम्मे कारण हेच.

४. 'पान सापडत नाही' असा निरोप येत असेल तर सेटिंग्जमधील 'पर्मालिंक' या पानावर जाऊन, काहीही न बदलता, फक्त जतन करावे. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

५. चुकांची नोंद वाचावी. वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फायलीत चुका नोंदवण्याची सोय चालू करता येते. मग 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरात 'डीबग' नावाची नोंद तयार होते. तीत चूक कोणत्या फायलीत, कितव्या ओळीवर झाली ते लिहिलेले असते. त्या ओळीतले प्लगइनच्या फोल्डराचे नाव वाचले की बहुधा चोर सापडतो. चुका पानावर सर्वांना दिसतील असे मात्र ठेवू नये, आणि काम झाले की नोंद बंद करावी.

६. तरीही न कळल्यास बडीप्रेस सोडून बाकी सर्व प्लगइन्स बंद करावीत आणि वर्डप्रेससोबत येणारी साधी थीम लावावी. बिघाड गेला, तर दोष बंद केलेल्यांपैकी एखाद्यात किंवा थीममध्ये. मग निम्मी चालू करून पाहावीत. बिघाड परत आला तर दोष त्या निम्म्यांत, नाही आला तर उरलेल्यांत. अशाने सोळा प्लगइन्स असली तरी चार खेपांत दोषी सापडते. मात्र दोन प्लगइन्सचे आपसांत पटत नसेल तर एकेक करूनच चालू करावी लागतात.

७. हे करताना सभासदांची खोळंबा होऊ नये म्हणून 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन वापरावे. त्यात प्लगइन्स फक्त आपल्यापुरती बंद होतात, इतरांना संकेतस्थळ नेहमीसारखेच दिसते.

८. आतले व्यवस्थापनाचे पानच उघडेना, तर घाबरू नये. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून असा गंभीर बिघाड झाल्यास व्यवस्थापकाच्या ई-मेलवर दुरुस्तीची वाट येते. ती न आल्यास सर्व्हरवरील फायलींत जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डराचे नाव बदलावे. नाव बदलले की वर्डप्रेसला ते सापडत नाही व ते आपोआप बंद पडते.

९. सर्व्हरवरील 'पीएचपी'ची आवृत्ती पाहावी. २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीने काही जुन्या आज्ञा कायमच्या काढून टाकल्या. सर्व्हरवाल्याने आवृत्ती बदलली की जुनी प्लगइन्स आपण हात न लावताही बंद पडतात.

मग आमचे काय झाले होते?

बडीप्रेसची १२.० ही आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. तीत पानांचे पत्ते ओळखण्याची पद्धतच बदलली. पूर्वी 'हे गटाचे पान आहे' ही ओळख फार लवकर पटत असे, नव्या पद्धतीत ती थोडी उशिरा पटते. आमचे 'तोडणी पाळी'चे छोटे प्लगइन एका सभासदाच्या चिरंजीवाने काही वर्षांपूर्वी लिहून दिलेले. ते जुन्या सवयीने लवकरच विचारायचे, "हे गटाचे पान आहे काय?" उत्तर यायचे, "नाही," आणि ते गप्प बसायचे. गाडी काट्यावर चढायच्या आधीच वजन विचारले तर काटा शून्यच दाखवणार! प्लगइन खोटे नव्हते, काटाही खोटा नव्हता, विचारण्याची वेळ चुकली होती.

असे इतरांचेही होणार हे ओळखून बडीप्रेसच्या मंडळींनी 'बीपी क्लासिक' नावाचे जोड-प्लगइन दिले होते. ते जुनी पद्धत परत आणते. ते लावताच 'तोडणी पाळी' पुन्हा दिसू लागली. हंगाम संपल्यावर त्याच मुलाला बोलावून प्लगइन नव्या पद्धतीने लिहून घेतले. आबांना बोलावून यादी दाखवली. त्यांनी आपला नंबर दोनदा वाचला आणि म्हणाले, "हां, हाय तितंच हाय."

नवी सोय जोडायची असेल तर

येथे एक नियम पाळावा. मूळ वर्डप्रेसच्या, बडीप्रेसच्या किंवा दुसऱ्याच्या प्लगइनच्या फायलीत एक अक्षरही बदलू नये. आज काम होईल, पण पुढच्या आवृत्तीत ती फाईल नव्याने येईल आणि आपला बदल वाहून जाईल. मग जोडायचे कोठे? त्यासाठी कर्त्यांनीच जागोजागी आकडे ठेवले आहेत. त्यांना 'हुक' म्हणतात. त्याचे दोन प्रकार.

पहिला 'ॲक्शन'. अमुक टप्पा आला की आपलेही एक काम करावे, इतकेच यात असते. नवा सभासद गटात आला की गटाच्या कृषी सहायकाला निरोप जावा, हे ॲक्शनने होते.

दुसरा 'फिल्टर'. कारखान्यात रस येतो, त्याला चुना व गंधकाची प्रक्रिया होते आणि स्वच्छ रस पुढे जातो. तसे फिल्टर मजकूर घेतो, त्यात बदल करतो आणि पुढे सोडतो. नवशिके हमखास चुकतात ते येथे. मजकूर घेतात, बदलतात, पण परत द्यायला विसरतात. रस घेतला आणि पुढे सोडलाच नाही तर पुढची भांडी रिकामीच राहणार. पान कोरे दिसले तर ही चूक आधी तपासावी.

लहानसहान बदलांसाठी प्लगइन्सच्या फोल्डरात 'बीपी-कस्टम' नावाची फाईल ठेवावी, बडीप्रेस ती आपणहून वाचते. काम मोठे असेल तर स्वतंत्र प्लगइन करावे. आपल्या प्रत्येक आज्ञेच्या नावाआधी एक खूण लावावी. एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतात, म्हणून आपण सभासद क्रमांक लिहितो. एकाच नावाच्या दोन आज्ञा आल्या तर सारे संकेतस्थळ बंद पडते. आणि नवी वस्तू प्रथम चाचणीच्या प्रतीवर चालवून पाहावी. नवे वाण आपण आधी गुंठा-दोन गुंठ्यांत लावून पाहतो, एकदम पाच एकरांत लावत नाही.

मराठीची सोयही अशीच जोडून मिळाली आहे. ओंकार जोशी यांची 'गमभन' ही टंकलेखनाची सोय 'मिसळपाव'सारख्या मराठी संकेतस्थळांना जोडली गेली आणि अनेकांना संगणकावर मराठी लिहिता आले. प्लगइनमधील इंग्रजी सूचनांचे भाषांतर करायचे तर तेही मूळ फाईल न बदलता वेगळ्या भाषांतर-फायलीत करता येते.

फोटोची सोय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला तेव्हा किती फडांत तो पसरला आहे हे कळायलाच वेळ गेला. आज पानाच्या खालच्या बाजूचा एक फोटो गटाच्या पानावर आला तर त्याच दिवशी शेजारच्या दहा गावांना सावध करता येते.

सभासदांना विनंती

प्लगइन्स मोजकीच ठेवावी लागतात. ज्यांची देखभाल कर्त्याने सोडली आहे ती काढून टाकावीत, कारण चोराला तीच खिंडार असते. आपला बँक खाते क्रमांक, आधार किंवा सातबाराचा फोटो गटाच्या पानावर टाकू नये. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण आपली काळजी आपणच घेणे बरे.

शेती विभागाने यापुढे तीन गोष्टी ठरवल्या आहेत. गळीत हंगाम चालू असताना सुरक्षेच्या दुरुस्तीखेरीज कोणतीही नवी आवृत्ती घेतली जाणार नाही. बदलांची वही गटकचेरीत सर्वांना पाहायला खुली राहील. आणि 'तोडणी पाळी'ची यादी संकेतस्थळाबरोबरच कागदावरही दारावर लागेल.

ज्या सभासदांच्या मुला-मुलींना हे काम शिकायची हौस आहे, त्यांनी आपली नावे गटकचेरीत द्यावीत. एकट्या माणसाच्या भरवशावर एवढी यंत्रणा ठेवणे बरे नव्हे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. निदान चार-पाच जणांना तरी हा क्रम तोंडपाठ असावा, म्हणजे पुन्हा आबांना तो प्रश्न विचारायची वेळ येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग